हिरड्यांना विश्रांती

आमच्या घराण्यात शेतजमीन नाही, वाडा नाही, सोनंही बेताचंच. आहेत ते दात. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडातले सगळे दात शाबूत होते आणि शेवटच्या आजारपणातही त्यांनी अडकित्त्याशिवाय सुपारी फोडली, असं आमच्याकडे दरवर्षी श्राद्धाच्या पंगतीला सांगितलं जातं. त्यामुळे माझ्या दातांकडे मी वडिलोपार्जित मालमत्ता म्हणूनच पाहत आलो. ऊस दातांनी सोलायचा, सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी काढायचं, मिठाईच्या पुड्याची गाठ सुटत नसली की चारचौघांत मीच पुढे व्हायचं. माझ्या एकाही दाताला कधी कीड लागली नाही. बायकोच्या दाढेत सिमेंट भरलं त्या दिवशी मी तिला दातांची निगा या विषयावर व्याख्यान दिलं होतं. तिचा अर्धा चेहरा बधिर होता, म्हणून ते पूर्ण झालं.

कीड आणि हिरड्या ही दोन निराळी खाती आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दातात खड्डा पाडणारे जंतू साखर खातात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दात पोखरतात. हिरड्यांच्या मागे लागलेले जंतू दाताला ढुंकूनही विचारत नाहीत. ते दात जिथे रोवलाय त्या जागेवरच दावा लावतात. म्हणजे एकही खड्डा नसलेला, पांढरास्वच्छ, बूच काढण्याजोगा दात एके दिवशी मुळासकट हातात येऊ शकतो. खड्डे असलेल्या बायकोचे दात घट्ट, आणि व्याख्यात्याचे डुगडुगते, हा प्रकार निसर्गाला पूर्ण मान्य आहे.

सुरुवात बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसण्यापासून झाली. मी तो टूथपेस्टचा रंग समजलो. टूथपेस्ट पांढरी होती, पण माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की असल्या बारीकसारीक गोष्टींना अडत नाही. मग पेरू खाताना फोडीवर लाल ठसा उमटला. तो पेरूच आतून लाल असेल म्हणावं, तर पेरू पांढरा. तेव्हा मी प्रकरण घरात सांगितलं आणि घरानं ताबडतोब निदान केलं: उष्णता.

महाराष्ट्रात डोळ्याला रांजणवाडी आली, तोंड आलं, केस गळले, जावई रागावून गेला, तरी कारण एकच असतं. मला सब्जाचं पाणी, धण्याजिऱ्याचं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर गुलकंद सुरू झाला. गुलकंद मला आवडतो. चमच्याचा आकार मी हळूहळू वाढवत नेला. रक्त थांबलं नाही, पण आजारपणाविषयी माझी तक्रारही उरली नाही.

आता माझ्या स्वतःच्या संशोधनाकडे येतो. मी असा विचार केला की पाय मुरगळला तर आपण चालत नाही. डोळे आले तर वाचत नाही. मग हिरडीतून रक्त येत असताना तिच्यावर रोज ब्रश घासणं हा कुठला शहाणपणा? रक्त डावीकडून येत होतं. मी डाव्या बाजूला ब्रश लावणं बंद केलं. पंधरवड्यात डावी बाजू जास्तच लाल झाली, ब्रश न लावताच रक्त येऊ लागलं. यावरून मी निष्कर्ष काढला की तिला विश्रांती कमी पडली. पुढे उजवी बाजूही कुरकुरायला लागली, तेव्हा तिलाही रजा मंजूर केली. पुढचे चार दात जगाला दिसतात म्हणून त्यांच्यावरून ब्रश फिरवायचा, बाकीच्यांवर बोटानं मंजनाचा आशीर्वाद. हा कार्यक्रम काही महिने मोठ्या निष्ठेनं चालला.

नेमका हाच प्रयोग डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून १९६५ साली प्रसिद्ध केला, हे मला फार नंतर कळलं. निरोगी हिरड्यांची बारा माणसं घेतली, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, आणि त्यांना दात घासायला बंदी केली. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. दातांवरच्या थरातले जंतूही वेळोवेळी तपासले जात होते. आधी साधे गोल जंतू होते, मग लांबट आले, मग धाग्यांसारखे आणि शेवटी वळवळणारे. पुन्हा ब्रश हातात दिल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे ब्रशनं रक्त येत नाही, ब्रश न केल्यानं येतं. या प्रयोगाला दंतवैद्यकात मानाचं स्थान आहे. माझ्या प्रयोगात ब्रश परत हातात देण्याचा भाग नव्हता, आणि मला शिष्यवृत्तीही नव्हती.

दरम्यान एक सुखद बदल घडला होता. कचेरीत लोक माझ्याशी फार आदरानं वागू लागले. मी टेबलाजवळ गेलो की समोरचा माणूस खुर्ची किंचित मागे घेई. जेवणानंतर कुणी ना कुणी बडीशेप पुढे करी, कुणी वेलची, कुणी लवंग. मला वाटलं निवृत्ती जवळ आली म्हणून ज्येष्ठतेचा मान. घरी मुलगा माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघून बोलायचा. वयात आलेली मुलं नजर चुकवतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. हिरड्यांखालचे जंतू प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे नासक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन, तो कुजक्या कोबीचा. हे दोन्ही घेऊन मी गावभर लोकांच्या कानाशी बोलत हिंडत होतो, कारण हळू आवाजात बोलणं सभ्यपणाचं असतं.

वासाची बातमी शेवटी बायकोनं दिली. तिनं सौम्य शब्द निवडले होते, पण आशय उशी घेऊन हॉलमध्ये जाण्याचा होता. मग मी मीठपाणी, तुरटी, तिळाच्या तेलाच्या गुळण्या आणि जिभेला चटका देणारा एक निळा माउथवॉश असा चौफेर हल्ला केला. तासभर तोंड झणझणीत वाटे आणि मग मूळ मुद्दा परत येई.

हे असं का होतं ते एका कापडाच्या व्यापाऱ्यानं तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी शोधून ठेवलंय. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा अँटनी व्हॅन लिवेनहूक. स्वतः घासलेल्या भिंगांतून तो दिसेल ते पाहायचा. १६८३ च्या सप्टेंबरात त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आपण रोज सकाळी मिठानं दात घासतो, तरी दातांच्या फटीत जो पांढरा लगदा उरतो त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा थरही त्यानं मागून घेतला. (अशी मागणी त्यानं कोणत्या शब्दांत केली असेल याचा मी बराच विचार केलाय.) मग त्यानं व्हिनेगरनं चूळ भरून पाहिली. लगदा बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की जीव मरत. नुसती चूळ भरली तर दातांमधल्या थरातले जिवंत राहत. व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोचतच नाही, असं त्यानं ओळखलं. जंतू सुटे सुटे राहत नाहीत, स्वतःच काढलेल्या चिकट पदार्थात वस्ती करून राहतात. तो थर खरवडायलाच लागतो. माझा निळा माउथवॉश वस्तीच्या वरून वाहून जात होता.

गावी गेलो तेव्हा आत्यानं हा सगळा प्रपंच ऐकून घेतला आणि हसली. तिचं वय सत्तरीपुढचं. ती गेली पन्नास वर्षं मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून चूर्ण करायचं आणि उंबऱ्यात बसून निवांत घासायची. “माझ्या हिरडीतनं कधी टिपूस आलंय का रक्ताचं? लाव थोडी.” पुराव्यासमोर वाद नको म्हणून मी चिमूटभर घेतली. आत्याची चिमूट आणि माझी चिमूट यांत पन्नास वर्षांच्या सरावाचा फरक आहे हे मी लक्षात घेतलं नाही. दोन मिनिटांत अंगण फिरू लागलं. तुळशीवृंदावन उजवीकडून येऊन डावीकडे गेलं. मी घाम पुसत गोठ्याच्या भिंतीला धरून खाली बसलो, आणि पोटात होतं ते म्हशीच्या साक्षीनं बाहेर आलं. आत्या वरून म्हणाली, “पचत नाही होय रे तुला? आजोबांवर नाही गेलास.”

तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आतून पोखरली जात असली तरी रक्त दिसत नाही, आणि माणूस निर्धास्त राहतो. शिवाय मशेरीत तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार आहेच. हे मी आत्याला नंतर फोनवर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हशीला काय सांगू?”

शेवटचा घाव चुलतभावाच्या घरच्या साखरपुड्यात बसला. जेवताना खालच्या पुढच्या दातांमागून काहीतरी कट्कन सुटलं आणि जिभेवर आलं. पिवळट, टणक, नखाएवढं. माझे हातपाय गळाले. घराण्यातला पहिला दात पडत होता, तोही माझ्या कारकिर्दीत. मी तो कुणाला न दाखवता धुतला, हातरुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. पडलेला दात दुधात ठेवला तर परत बसवता येतो असं ऐकलं होतं, म्हणून आचाऱ्याकडून वाटीभर दूध मागून घेतलं. ती वाटी सांभाळत, बायकोला रिक्षात गप्प बसवत, दातांच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टर म्हणजे माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. तिनं चिमट्यानं दुधातून वस्तू काढली, दिव्याखाली धरली, माझं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाली, “काका, दात सगळे जागेवर आहेत. हे किटण आहे.”

लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या जंतूंच्या थरात मुरतं आणि थराचा दगड होतो. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे तो सगळ्यात जोमानं साठतो. मी घराण्याचा वारसा म्हणून दुधात घालून आणला होता तो अनेक वर्षांच्या आळसाचा घडीव दगड होता. बायको हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

मग डॉक्टरांनी खुणांची एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती हिरडीत खुपसत आकडे सांगायला सुरुवात केली. मदतनीस मुलगी लिहून घेत होती. “तीन, दोन, तीन. चार, पाच, पाच.” मला जरा धीर आला. पुढे गुण वाढत गेले. “सहा, पाच, सात.” सातला मी डोळ्यांनीच समाधान व्यक्त केलं. दहापैकी सात म्हणजे प्रथम श्रेणी. तोंड मोकळं झाल्यावर विचारलं, “सरासरी किती निघेल?” तेव्हा समजलं की ते मिलिमीटर होते. दात आणि हिरडी यांच्यात एक ते तीन मिलिमीटरची फट सगळ्यांनाच असते. त्यापुढे ती खोल गेली की तिला पॉकेट म्हणतात, आणि तिथे ब्रश पोचत नाही, हवाही पोचत नाही. हवा नको असलेल्या जंतूंना याहून चांगली जागा कुठली?

क्ष-किरणाच्या फोटोत दातांमधलं हाड खाली सरकलेलं मलाही दिसलं. मी म्हटलं, “म्हणजे जंतूंनी हाड खाल्लं?” ती म्हणाली, “नाही काका. तुम्ही खाल्लंत.”

पुढे तिनं जे सांगितलं त्यातलं मला झेपलं तेवढं असं. या टोळीत पॉर्फिरोमोनस जिंजिव्हालिस नावाचा एक म्होरक्या आहे. हिरडीतली प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या तो सोबत बाळगतो. त्यांना जिंजिपेन म्हणतात. त्याला लोह हवं असतं आणि ते तो रक्तातून घेतो, म्हणजे माझ्या हिरडीतून वाहणारं रक्त ही त्याची खाणावळ होती. आणखी एक जंतू पांढऱ्या पेशींना मारणारं विषच सोडतो. त्याचं नाव अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. ज्याचे दात हलतात त्यानं ते उच्चारू नये. शिवाय यांच्या अंगाच्या बाहेरच्या आवरणातच एक विष असतं, एंडोटॉक्सिन. अशा विषाची कल्पना रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली बर्लिनमध्ये कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना मांडली, कारण मारून टाकलेले जंतू टोचले तरी गिनीपिग दगावत होते. जंतू मेला तरी सव्वा लाखाचा.

पण खरी गंमत पुढे आहे. एंडोटॉक्सिनचा वास लागला की आपल्या शरीराची फौज धावून येते. पांढऱ्या पेशी जंतूंवर रसायनं फेकतात आणि त्यांत आसपासच्या ऊती होरपळतात. पेशी एकमेकींना धोक्याचे निरोप पाठवतात, ते निरोप हाड विरघळवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. या पेशी आपल्याच. एरवी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देणाऱ्या, सरळमार्गी. त्या कामाला लागतात आणि जंतूंपासून चार हात लांब राहावं म्हणून हाड मागे घेत जातात. उंदीर शिरला म्हणून नगरपालिकेनं घरच पाडायला घ्यावं, तसा हा कारभार. आणि उंदीर मजेत. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? दुखत मात्र काही नाही, कारण पाडकाम वर्षानुवर्षं सावकाश चाललेलं असतं. दाढेतला खड्डा निदान रात्री उठवतो.

मी शेवटचं अस्त्र काढलं. “आमचे आजोबा राखुंडीनं दात घासायचे. तेही मन झालं तर. त्यांना काही झालं नाही.” डॉक्टरांनी यावर श्रीलंकेतल्या चहामळ्यांची हकिगत सांगितली. लो यांनीच १९७० पासून पंधरा वर्षं तिथल्या ४८० मजुरांच्या तोंडांची नोंद ठेवली होती. ते दात घासत नव्हते, त्यांना दातांचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं गेले, ८१ टक्क्यांचं नुकसान बेताबेतानं झालं आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरड्या सुजण्यापलीकडे गेलंच नाही. घाण सारखी, पण कुणाची फौज किती पिसाळेल ते ज्याचं त्याचं. आजोबा त्या अकरांत होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नशिबाला संस्कार समजत आलो.

मग साफसफाई. साफ केल्यानं दात ढिले होतात, असं सासूबाईंचं मत आहे आणि त्यांची बाकी सगळी मतं खोडून काढणारा मी याच एका मतावर अनेक वर्षं फुकटात विसंबून होतो. खरं तर दगड निघतो, सूज उतरते आणि मग आधीच झालेली पडझड उघडी पडते. भूल देऊन मुळांपर्यंत खरवडलं. बधिर ओठानं दवाखान्याखालच्या टपरीवर चहा घेतला. तो अर्धा शर्टानं प्यायला. दातांमधल्या फटी मोकळ्या झाल्यामुळे काही दिवस माझा ‘स’ शिटी घालत होता. सोसायटीच्या सभेत ‘सचिवांनी समजुतीनं सोडवावं’ एवढंच म्हणालो, तर खालून वॉचमन वर आला.

विषाची माहिती झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. गुडघा, विसराळूपणा, भावाशी पटत नाही, सगळं हिरड्यांवर ढकलू लागलो. ही लागणही जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातांतल्या जंतूंवर सगळ्या रोगांचा आळ घेणारे डॉक्टर होते. अमेरिकेत ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरं होईल म्हणून रुग्णांचे दात उपटले, पुढे इतर अवयवही काढले, आणि कितीतरी माणसं त्यात दगावली. आजही फोनवर ‘हिरड्यांमुळे स्मृतिभ्रंश’ असे निरोप फिरतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जिंजिपेन सापडल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालं हे खरं, पण त्यावर बेतलेल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत २०२१ साली रुग्णांच्या बुद्धीची घसरण थांबली नाही. पक्कं नातं आहे ते मधुमेहाशी, आणि ते दुतर्फा आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. म्हणून डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला लावलं. गुलकंद आपल्या कामाला जागला होता.

आता मी ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हळू फिरवतो, दातांच्या फटीतून बारीक ब्रश घालतो, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात तोंड उघडून बसतो. बरीचशी पॉकेटं चारच्या आत आली. डावीकडची एक दाढ अजून पाचवर आहे. गेलेलं हाड परत येणार नाही. हा लेख वाचून कुणाला घरगुती उपाय सुचला तर तो लगेच कळवू नये. आधी सळई घालून स्वतःचे आकडे मोजून घ्यावेत, आणि सगळे तीनच्या आत निघाले तर मग खुशाल कळवावा.